एका वेळी एक पावडी

१२ फेब्रुवारी १९८५, मंगळवार. सकाळी मी कांड्या भरत बसले होते. दहा वाजता दवाखान्यात पोचायचं होतं, आणि त्याआधी भासऱ्यांच्या मागाला दिवसभर पुरतील एवढ्या कांड्या भरून ठेवायच्या होत्या. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. विणणारा एक आणि कांड्या भरणारी एक, असा विणकराचा संसार असतो; पण जाऊ स्वयंपाक सांभाळायची, म्हणून त्यांच्याही कांड्या मीच भरायचे. दवाखान्यात गेलेली माणसं केव्हा परत येतील याचा नेम नाही, म्हणून मी चार कांड्या जास्तच भरल्या.

घर आमचं पूर्व नागपुरात, विणकरांच्या मोहल्ल्यात. दोन खोल्या, दोन माग. पुढच्या खोलीत भासऱ्यांचा, मागच्या खोलीत आमचा. मुलगी लग्न होऊन उमरेडला गेलेली. मी एक्केचाळीस वर्षांची होते, नवरा शेहेचाळीस वर्षांचा, आणि त्याचे दोन्ही खुबे गेलेले.

आमचे माग खड्ड्याचे. जमिनीत मांडीइतका खोल खड्डा, त्याच्या काठावर फळी. विणणारा फळीवर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. खाली दोन पावड्या असतात. एक दाबली की ताण्याचे, म्हणजे लांबीला ताणलेले, अर्धे धागे वर उचलले जातात, दुसरी दाबली की उरलेले. मधे जी फट पडते तिच्यातून धोटा जातो, आणि फणी तो धागा ठोकून बसवते. माझा नवरा बाराव्या वर्षापासून त्या फळीवर बसला. चालण्यापेक्षा पावड्या दाबण्यातच त्याचे पाय जास्त झिजले असतील.

आधी उजव्या जांघेत दुखायचं. मग तो लंगडायला लागला. मग डावीकडे सुरू झालं. शेवटी असं झालं की खड्ड्यात उतरायला भासऱ्यांचा आधार, वर यायला भासऱ्यांचा आधार, आणि मधल्या वेळात ओठ दाबून विणणं. दिवाळीपासून तेही बंद झालं. मागावर अर्धं लुगडं तसंच राहिलं.

दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी एक्सरे उजेडाला धरला. खुब्याच्या हाडाचा गोळा वाटोळा असतो म्हणे. त्याचे दोन्ही गोळे पेढ्यावर अंगठा दाबावा तसे चेपलेले होते.

"दमा आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाये जी. सुताचं तूस जाते छातीत."

"त्यासाठी काय घेत होता?"

"पुड्या. वैद्याच्या. पांढऱ्या राहते."

"किती वर्षं?"

"त्या पुड्याईनंच तं जगलो साहेब."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. पुढे केव्हातरी मलाच त्यांनी सांगितलं की अशा पुड्यांत काय काय मिसळलेलं असतं आणि त्यानं हाड आतून कसं सुकतं. तेव्हा ऐकून उपयोग नव्हता. पुड्या देणारा वैद्यही मरून गेला होता.

इलाज एकच होता. चेपलेला गोळा कापून काढायचा आणि तिथे धातूचा बसवायचा, खाली प्लास्टिकची वाटी. दोन्हीकडे. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही पाय एकाच वेळी करता येतील, किंवा एक आता आणि एक सहा-आठ महिन्यांनी. दोन्हीत धोका आहे, तो समजून घ्या." मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. एकाच वेळी केले तर भूल एकदाच, अंथरूण एकदाच, आणि दोन्ही पाय सोबत चालायला शिकतात. पण रक्त फार जातं, टेबलावर वेळ फार लागतो, आणि छाती दम्याची. वेगवेगळे केले तर एका वेळचा भार कमी. पण भूल दोनदा, आणि मधल्या महिन्यांत नव्या पायाला खराब पायाचं ओझं ओढावं लागतं.

"तुम्ही काय करसान साहेब, तुमचा पाय असता तं?" मी विचारलं.

"माझी छाती अशी नाही, बाई," ते म्हणाले. "घरी विचार करा आणि शनिवारी सांगा."

माझा विचार सायकल-रिक्षात बसेपर्यंत पक्का झाला होता. दोन्ही एकाच वेळी. एकच चादर दोनदा भिजवायची नाही, दोनदा वाळवायची नाही. एक उन्हाळा जाईल तो जाऊ दे. माणूस एकदाच पडेल आणि एकदाच उठेल.

नवऱ्याचा विचारही रिक्षातच पक्का झाला होता, आणि तो उलटा होता.

"दोनी पावड्या सोबत दाबल्या तं काय होते?" तो म्हणाला.

"मले काय विचारता? कांड्यावाली मी."

"फटच पडत नाही. धोटा जाईन कुठून? एका वेळी एकच पावडी दाबा लागते वं."

"हा माग नोहे जी. अंग हाये तुमचं."

"माह्यासाठी दोनी एकच."

रात्री जेवणं झाल्यावर भासऱ्यांनी विषय काढला. इथे एक सांगायला हवं. आमच्यात धाकट्याची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. पदर पुढे ओढायचा आणि जे सांगायचं ते जावेला सांगायचं, किंवा जाऊ नसेल तर भिंतीला. तेही मला काही सांगायचं तर भिंतीलाच सांगायचे. वीस-बावीस वर्षं त्या भिंतीनं आमची कामं नीट केली.

भासरे भिंतीला म्हणाले, "लोकाईचं काय म्हणणं हाये?"

मी जावेला म्हटलं, "बाई, सांगा तुमच्या घरी. दोनी पाय सोबत करून टाका म्हणावं. दोनदा मरणाच्या दारी कायले जाच्यं?"

"ऐकलं," भासरे भिंतीला म्हणाले. "खरं बोलून राहिली ते."

जाऊ हसायला लागली. "मले बोलू तं द्या कोणी!"

पण नवरा हलला नाही. शेवटी त्यानं खरं कारण सांगितलं, आणि ते पावड्यांचं नव्हतं.

"दोनी पाय एकाच दिवशी परके होतीन," तो म्हणाला. "सकाळी उठून पाह्यलं तं खाली आपलं काहीच नाही. एक तं माह्या मायचा राहू द्या, दुसरा नीट होयेपरेंत."

पाय त्याचे होते. शनिवारी मी डॉक्टरांना सांगितलं, एक एक करा. त्यांनी मान हलवली. छातीकडे पाहता त्यांनाही ते बरं वाटलं असावं.

होळी झाली आणि उजवा पाय केला. भूल उतरताना दमा उसळला, तो दोन दिवसांनी बसला. वॉर्डात शेजारच्या खाटेवर नरखेडकडचा एक संत्र्याच्या बागेवाला होता, विहिरीच्या मोटरवर पडून मांडी मोडलेला. त्याच्याकडे रोज एसटीनं कोणीतरी पिशवीभर संत्री आणायचं, आणि तो अख्ख्या वॉर्डाला वाटायचा. माझ्या नवऱ्याला म्हणायचा, "तुमचा खुबा विलायती हाये बुवा, आमचा देशी रॉड. संत्रं तं खाऊन पाहा, विलायती पायाले चालते का नाही?" नवरा हसायचा. त्याला हसताना पाहून मला दोन वर्षं मागे गेल्यासारखं वाटायचं. मग मी बेडपॅन धुवायला जायची.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. मांडी घालून बसायचं नाही. उकिडवं बसायचं नाही. पाटावर, जमिनीवर, खाली कुठेच बसायचं नाही. उंच बसायचं, खुर्चीवर, पाय खाली सोडून. कुशीवर वळायचं तर मधे उशी. मी त्यांच्यासमोर सगळं परत म्हणून दाखवलं.

नवऱ्यानं विचारलं, "काम करता येईन, साहेब?"

"बसून करायचं असेल तर येईल. खुर्चीवर बसून, पाय खाली सोडून."

डॉक्टरांनी कधी खड्ड्याचा माग पाहिला नसावा. आम्ही खुब्याच्या आत पाहिलेलं नव्हतं.

तो उन्हाळा कसाबसा गेला. सुताराकडून एका जुन्या खुर्चीची बैठक मधून कापून घेतली आणि ती संडासात ठेवली. खाट विटांवर उंच केली. उजवा पाय खरंच बरा झाला. टाके सुकले, पाय उचलायला लागला, दुखायचा बिलकूल नाही. पण डाव्याचा छळ वाढला. कुबड्या घेऊन चार पावलं टाकली की नवा पाय पुढे जायला तयार आणि जुना मागे खेचणारा. एका जोखडाला नवा बैल आणि म्हातारा बैल जुंपल्यासारखं. पावसाळ्यात तपासायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, छातीत अजून घरघर आहे, दिवाळीनंतर दुसरा घेऊ.

नवरा खुर्चीत बसून राहायचा. मधल्या भिंतीपलीकडे भासऱ्यांचा माग चालायचा, तो ऐकत राहायचा. "भाऊनं फणी ढिली मारली," असं मधेच म्हणायचा. किंवा "धागा तुटला आता." पलीकडे आवाज थांबलेला असायचा, म्हणजे धागा खरंच तुटलेला असायचा. त्याला फक्त एकच पाहिजे होतं. त्या फळीवर परत बसायचं होतं. बाकी कशाबद्दल तो बोलतच नव्हता. मुलगी उमरेडहून आली, तिच्याशीही तेच.

दसऱ्याला आमच्याकडे मागाची पूजा असते. धोटा, फणी, कात्री सगळं पुसून ठेवायचं, झेंडूची फुलं वाहायची, धोट्याला हळदकुंकू लावायचं. आणि पूजा झाली की मागाच्या मालकानं स्वतः बसून चार बोटं तरी विणायचं. दुसऱ्यानं नाही, मालकानंच. नाहीतर तो माग वर्षभर रुसला असं म्हणतात. मी असलं फार मानत नाही, पण नवरा मानत होता, आणि भासरे त्याच्याहून जास्त.

दसऱ्याच्या आठ दिवस आधीपासून दोघा भावांची तयारी सुरू झाली. घाईनं काहीच केलं नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. लोक पुढे म्हणाले, अडाणीपणा केला. अडाणीपणा नव्हता. डॉक्टरांनी खुर्ची सांगितली होती, तर खुर्चीच करायची असं ठरलं. खुर्चीच्या बैठकीपासून जमिनीपर्यंत सुतळीनं माप घेतलं. ते माप खड्ड्यात धरून पाहिलं. फळी कमी पडत होती, म्हणून तिच्याखाली विटा रचून तिला उंच केलं. फळी उंच झाल्यावर पाय पावड्यांना पोचेनात, म्हणून पावड्यांवर लाकडी ठोकळे बांधले. डावा पाय दुखत होता, तर डाव्या पावडीचा ताण भासऱ्यांनी सैल केला. मग मला बोलावलं. मी पाहिलं. पाय खाली सोडलेले, बैठक उंच, मांडी नाही, उकिडवं नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी मी एकेक करून आठवल्या. एकही मोडत नव्हती.

"खुर्चीच हाये ते," नवरा म्हणाला. "फक्त चार पाय जमिनीत गेले तिचे."

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली. भासऱ्यांनी त्याला बगलेत धरून अलगद फळीवर ठेवलं. पाय मी धरले होते, वाकू दिले नाहीत, वळू दिले नाहीत. तो बसला. दोन्ही हात त्यानं कापडावर सपाट ठेवले. मग पावडी दाबली आणि धोटा मारला.

त्या खोलीत तो आवाज एका वर्षानं झाला. जाऊ पोळ्या लाटायची थांबून दारात आली. "आता घरात जीव आला," ती म्हणाली. शेजारच्या दोन-तीन बाया येऊन उभ्या राहिल्या. भासऱ्यांनी भिंतीला सांगितलं, "लोकाईले म्हणा, आज गोड कमी करू नका." मी त्याच्या हातात कांड्या देत होते. चार बोटं झाली, वीतभर झालं. "पुरे करा," मी म्हटलं. "एक कांडी संपू दे," तो म्हणाला.

मग धोटा उडाला. एवढे दिवस माग बंद होता, कुठेतरी धागा सैल राहिला असेल. धोटा सरळ पलीकडे जायच्या ऐवजी डावीकडे उसळून खड्ड्यात पडला.

धोटा पडला की विणकर वाकतो. त्याला ते कोणी शिकवावं लागत नाही, कोणी थांबवूही शकत नाही. चौतीस वर्षांत हजारदा पडला असेल, हजारदा उचलला असेल. आम्ही बैठक मोजली, पाय मोजले, पावड्या बांधल्या. पडलेल्या धोट्याचा विचार त्याच्या, माझ्या, भासऱ्यांच्या, कोणाच्याच डोक्यात आला नाही. "मी उचलतो," असं भासरे म्हणेपर्यंत तो पुढे झुकून डावीकडे खाली वाकला होता.

आवाज मोठा नव्हता. पेटीचं झाकण बसतं तेवढा. पण तो मागाचा आवाज नव्हता, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. नवरा तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं खाली पाहिलं. उजवा गुडघा आतल्या बाजूला वळला होता.

"हा पाय कोणाचा हाये?" त्यानं विचारलं.

त्यानंतर तो ओरडला.

त्याला बाहेर काढायचं तर पुढ्यात ताणा आडवा. भासऱ्यांनी कात्री घेतली. ताणा कापला की समोरची जागा मोकळी, सरळ उचलता आलं असतं. नवऱ्यानं त्या अवस्थेत त्यांचा हात धरला. "ताणा तोडू नका. भाऊ, पाया पडतो, ताणा तोडू नका." आमच्यात चढलेला ताणा कापत नाहीत. जुन्याची शेवटची टोकं मागावर ठेवून त्यांनाच नव्याचे धागे एकेक वळून जोडतात, म्हणजे माग कधी रिकामा होत नाही. त्याच्या बापाच्या वेळची टोकं पुढे पुढे जोडत आली होती. भासऱ्यांनी कात्री ठेवली. मग मागून आणि बाजूनं, फळी काढून, विटा काढून, त्याला कसं वर घेतलं ते मी लिहीत नाही.

दसऱ्याच्या दिवशी नागपुरात दीक्षाभूमीला आलेल्या बाहेरगावच्या लोकांनी रस्ते भरलेले असतात. सायकल-रिक्षा पावलापावलानं जात होती. पांढऱ्या लुगड्यातली एक बाई, डोक्यावर बोचकं आणि मागे तिची माणसं, थांबून म्हणाली, "काय झालं वं बाई भाऊले?" मी म्हटलं, पाय निखळला. तिनं आपल्या माणसांना हाक मारली आणि त्यांनी पुढे चालत चालत आमच्यासाठी गर्दीतून वाट करून दिली. तिनं तांब्यातलं पाणीही पाजलं. त्या दिवसातलं एवढंच आठवायला बरं आहे.

डॉक्टरांनी भूल देऊन खुबा परत बसवला. भुलीनं दमा उसळला, या वेळी आठवडाभर. तो बसतो न बसतो तोच बेडपॅनसाठी वळवताना खुबा परत निखळला. परत भूल. आत बसवलेली वाटीच हलली असं निघालं. पाय उघडून ती पक्की केली. मग ताप आला. जखमेतून पू यायला लागला. दिवाळी वॉर्डात गेली. दुसऱ्या पायाची तारीख होती ती दिवाळीनंतरची, त्या सुमारास त्यांनी पहिल्याच पायात घातलेलं सगळं परत काढून टाकलं.

डिसेंबरात एका दुपारी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. या वेळी त्यांनी एक्सरे लावला नाही.

"बाई, उजवा पाय आखूड राहील. खुबा राहिला नाही तिथे. जखम भरली की कुबड्यांवर घरातल्या घरात थोडं चालता येईल, तेही डावा साथ देईल तोवर. डाव्याला आता मी हात लावणार नाही. अंगात पू असताना दुसरीकडे धातू बसवता येत नाही. आणि ही छाती पुन्हा भूल सोसणार नाही."

"कधीच नाही?"

"मला वाटतं, नाही."

"माग?"

"नाही."

मी उठले. दारापर्यंत गेल्यावर विचारलं, "दोनी सोबत केले असते तं?"

"तेही मला माहीत नाही," ते म्हणाले.

हा प्रश्न मला नंतर पुष्कळांनी विचारला. मोहल्ल्यातल्या बाया, मुलीच्या सासरचे, खुद्द जाऊ. तुह्यं ऐकलं असतं तं? चार वर्षं झाली, आणि माझं उत्तर तेच आहे. दोन्ही एकाच वेळी केले असते तर कदाचित तो टेबलावरच गेला असता. किंवा दोन्ही पायांनी चालत घरी आला असता, दसऱ्याला फळीवर बसला असता, धोटा उडाला असता आणि तो वाकला असता. एक की दोन, यावर आम्ही चार दिवस भांडलो. धोट्याबद्दल कोणीच भांडलं नाही. त्यात समाधान नाही. उलट, मी म्हटलं तसं झालं असतं तर बरं झालं असतं असं म्हणता आलं असतं, तर निदान कोणावर तरी रागावता आलं असतं.

त्याला मीच सांगितलं. गोलमोल बोलून काय होणार होतं? खाटेशी उभी राहिले आणि डॉक्टर म्हणाले तसं सांगून टाकलं. बागेवाला कधीच घरी गेला होता, त्या खाटेवर दुसरा कोणी होता, तो झोपल्याचं सोंग घेऊन पडला.

नवऱ्यानं सगळं ऐकलं. मग विचारलं, "मागावर अर्धं लुगडं हाये नं?"

"हाये."

"भाऊ बसला होता?"

"नाही."

भासरे दसऱ्यानंतर आमच्या खोलीतच आले नव्हते. दारापर्यंत यायचे, खड्डा दिसला की परत जायचे. त्यांनीच त्याला उचलून बसवलं होतं, त्यामुळे त्या फळीवर बसायला ते तयार नव्हते. मलाही मागावर बसता येत नव्हतं; मी आयुष्यभर कांड्या भरल्या. लुगडं तसंच होतं, धुळीनं आणि झुरळांनी खराब होत चाललेलं.

"ताणा राहू दे," नवरा म्हणाला.

मी त्याच्या पायावरची चादर नीट केली.

"ऐकून राहिली नं?"

"ऐकलं."

तो भिंतीकडे वळू शकत नव्हता, म्हणून त्यानं फक्त डोळे मिटले. "आता मले काही सांगू नको वं. चांगलं बी नको, वाईट बी नको," तो म्हणाला. तेव्हापासून मी त्याला काही सांगत नाही. जेवण, पाणी, औषध. बाकी तो विचारतही नाही.

पुढच्या आठवड्यात घरी सोडणार होते. संध्याकाळी घरी येऊन मी मागच्या खोलीत दिवा लावला आणि उभी राहून पाहिलं. खोली दहा बाय बारा. अर्ध्यात माग. त्याला आता उंच आणि रुंद खाट लागणार होती, खाटेच्या दोन्ही बाजूंनी मला फिरायला जागा, खाली बादली, कडेला कुबड्या. कशीही मोजली तरी खाट बसायला एकच जागा होती, मागाची. आणि कुबड्यांवरच्या माणसाच्या खोलीत मांडीइतका खड्डा उघडा ठेवता येत नाही. विचार करण्यासारखं एवढंच होतं. दिवा मालवून मी पुढच्या खोलीत जावेजवळ जाऊन झोपले.

सकाळी अंघोळ करून आले आणि कात्री घेतली. एका बाजूनं सुरुवात केली. ताणलेले धागे कापताना हाताला झटका बसतो, ते मागे उसळतात. फणीत अडकलेली टोकंही मी ठेवली नाहीत, ओढून काढली. विणलेलं अर्धं लुगडं गुंडाळून पेटीत टाकलं. खड्ड्यात उतरून पावड्या सोडवल्या, त्यांवर बांधलेले ठोकळे सोडवले. धोटा दसऱ्यापासून तिथेच कोपऱ्यात पडून होता. त्याच्या कांडीवर सूत शिल्लक होतं, ते दुसऱ्या कांडीवर उतरवून घेतलं.

मग पुढच्या खोलीच्या दारात गेले. जाऊ नळावर गेली होती. भासरे मागावर बसले होते, मला पाहून त्यांनी पाय थांबवले आणि नेहमीसारखं भिंतीकडे तोंड केलं. मी पदर पुढे ओढला नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "खड्डा बुजवायचा हाये. दोन गाड्या मुरूम लागीन."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग खड्ड्यातून वर आले, चप्पल घातली आणि गेले.

दुपारपर्यंत मुरूम आला. त्यांनी टाकला, मी पाणी मारलं, दोघांनी आळीपाळीनं धुम्मस घेऊन ठोकला. संध्याकाळी वरून शेणानं सारवलं. थंडीमुळे सारवण लवकर वाळेना, म्हणून खाट त्या दिवशी टाकता आली नाही.